सहावा कागद

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची. सहा तासांच्या प्रवासाने पाठीचा पार भुगा झाला, पण खोली बघितली आणि सगळं विसरले. कार्यालयाच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेली खोली. पलंग, टेबल, फाटकाकडे उघडणारी खिडकी. खाली कॅन्टीन. तीन आठवडे ना भाजी निवडायची, ना कुणाचे डबे भरायचे. नवऱ्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, मग परत येणारच नाहीस तू.

काम साधं आहे. माजी कर्मचाऱ्यांच्या एकोणीस हजार फायली स्कॅन करून एका ऑनलाइन कपाटात ठेवल्या आहेत. त्या माणसांची माहिती आहे दुसरीकडेच, डेटाबेसमध्ये. दोघांची तोंडं दोन दिशांना. त्यांची सोयरीक मी जमवायची. कोड जवळजवळ लिहावाच लागत नाही. पडद्यावर चौकोन ओढायचे आणि बाणांनी जोडायचे. कागद आला, की नाव वाच. नाव वाचलं, की तक्त्यात ओळ भर. मी जोडलेल्या अशा साखळ्या चार ठिकाणी बिनतक्रार चालू आहेत.

खारूने, माझ्या लेकीने, निघताना वचन घेतलंय. बावीस तारखेला, शनिवारी, तिच्या शाळेचं नाटक आहे. बाईसाहेब झाड झाल्या आहेत. पुढचे दोन मोठे दात आल्यापासून आम्ही तिला खारू म्हणतो, त्यामुळे खार असून झाड कशी झालीस, असं चिडवलं तर तीन तास अबोला. एकच वाक्य आहे तिला: ‘इथे सावली आहे, बसा.’ मी एकवीसला संध्याकाळी निघणार आणि पहिल्या रांगेत बसणार.

५ तारीख, बुधवार

साहेब हौशी माणूस आहे. माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत दर दहा मिनिटांनी एक नवी मागणी. अपूर्ण फायलीतलं काहीही बाहेर जाता कामा नये, हा त्यांचा लाडका नियम. काहीही म्हणजे नक्की काय काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘काहीही म्हणजे काहीही.’ घातलं तसंच.

फाइल पूर्ण कधी होते, ते मला काकूंनी समजावलं. काकू म्हणजे इथल्या अभिलेखपाल. पस्तीस वर्षं याच कक्षात. एका माणसाचे सहा कागद: जन्माचा दाखला, शिक्षण, नेमणूक, कुटुंब, कार्यमुक्ती, आणि शेवटचा मृत्यूचा दाखला. पाच असले तर फायलीला लाल दोरा, ती इथेच राहते. सहावा आला की पांढरा दोरा, आणि फाइल बाहेर, रस्त्यापलीकडच्या कोठारात. काकूंच्या ड्रॉवरमध्ये दोन्ही रंगांची रिळं आहेत. स्कॅनिंग झालं तरी दोरे बांधणं सुटलेलं नाही.

सहावा कागद वेळेवर येत नाही, हे साहेबांचं दुखणं. म्हणून दर शुक्रवारी चार वाजता नातेवाइकाला आपोआप संदेश जाणार. त्यात दोन बटणं, हिरवं ‘मंजूर’ आणि लाल ‘नामंजूर’. उत्तर तासाभरात द्यायचं. आणि मंजूर आलं की राहिलेला कागद साखळीने स्वतःच मिळवायचा आणि फाइल बाहेर सोडायची! कुठून मिळवणार, मी हसतच सुटले. साहेबांचा चेहरा तसाच. शेवटी ‘राहिलेला कागद मिळव’ असा रिकामा चौकोन ओढून ठेवला. राहू दे बापडा.

७ तारीख, शुक्रवार

आज चाचणी घेतली. काकूंचा आग्रह, चाचणीच्या फायलीवर ‘अमुक तमुक’ असंच नाव घाल. इथे जिवंत माणसाच्या नावाने खोटी फाइल उघडत नाहीत म्हणे. पण तक्त्याला खरा ओळखक्रमांक लागतो, आणि अमुकला कुठला आलाय क्रमांक? मी माझंच नाव घातलं. आम्ही सगळे असंच करतो. नातेवाईक म्हणून खारू, पत्ता घरच्या टॅबचा. कागद एकच चढवला, जन्माचा दाखला. काकू उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

साखळी पहिल्याच फटक्यात धावली. ओळ उमटली: अपूर्ण. कागद: पाच.

एकच चढवला होता ना मी? उघडून बघितलं. माझी पदवी. इथलं नेमणुकीचं पत्र. खारूच्या जन्माची नोंद. आणि कार्यमुक्तीचा आदेश, तारीख २१. साहेबांनी आधीच तयार करून ठेवला असेल. हौशी आहेतच. ओळ पुसून टाकली.

१० तारीख, सोमवार

शनिवार-रविवार तापात काढला, खोलीबाहेर पडले नाही. आज साबण आणायला निघाले तर फाटकावर कार्ड चालेना. रखवालदाराने त्याचा पडदा माझ्याकडे फिरवला. माझा फोटो, खाली ‘अपूर्ण’. तो ओशाळून म्हणाला, ‘मॅडम, आमच्या हातात काही नाही हो, आतूनच येतं हे.’

आतून म्हणजे माझ्याकडूनच. वर जाऊन बघितलं. पुसलेली ओळ जागच्या जागी. तीनदा पुसली. तीनदा उगवली.

११ तारीख, मंगळवार

साखळी बंद केली. पडद्यावर ‘बंद’ असं येतं आणि खाली ती धावत राहते. साहेब म्हणाले, होतं असं कधीकधी, एवीतेवी तुमचा मुक्काम इथेच आहे ना!

संध्याकाळी सगळे सुटले तेव्हा काकूंचा पदर धरला, अक्षरशः, आणि त्यांच्या मागोमाग फाटक ओलांडलं. पाय पलीकडे पडला तो आमच्याच कक्षात. माझं टेबल, माझा चहाचा कप. पदर हातात नव्हता.

मला भीती वाटतेय. लिहूनच टाकते. खूप भीती वाटतेय.

१३ तारीख, गुरुवार

नवरा येऊन गेला. रखवालदाराने त्याला सांगितलं, या नावाचं कुणी कामाला नाही, या नावाची फाइल आहे. मी खिडकीत उभी राहून हात हलवत होते, ओरडत होते. तो फाटकातून वर बघत होता, अगदी माझ्याकडे. नंतर फोनवर म्हणाला, खिडकी रिकामी होती. मोठ्या अधिकाऱ्यांकडे तक्रार करायला निघालाय. उंबरे झिजवेल बिचारा.

१४ तारीख, शुक्रवार

खारूचा फोन आला, सव्वापाचला. टॅबवर आईच्या नावाचा संदेश आला होता, हिरवं बटण, लाल बटण. अनोळखी बटण दाबायचं नाही ही माझीच शिकवण, म्हणून तिने दाबलं नाही. तास उलटला, तो संदेश आता गेला. शहाणी माझी ती.

१७ तारीख, सोमवार

सकाळी उठले तर मनगटाला लाल दोरा. गाठ काकूंची, दुहेरी. त्यांना विचारलं तर त्या रडायलाच लागल्या. मी नाही गं बांधला, म्हणाल्या, रीळ मात्र रोज कमी होतंय.

कात्रीने कापला. जेवून आले तर पुन्हा —

१९ तारीख, बुधवार

सुचलं! इतके दिवस डोकं कुठे होतं? मंजूर म्हटलं की फाइल बाहेर. नियम माझाच. खारूने मंजूर म्हणायचं, बस्स.

तिला फोन केला. नवरा तक्रारीपायी गावाला, आत्या सोबतीला आहे. सांगितलं, शुक्रवारी शाळेतून आलीस की टॅब घेऊन बस. चारला संदेश येईल. आईचं नाव वाच आणि हिरवं बटण दाब, म्हणजे आई घरी. तिने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. मग वाक्य म्हणून दाखवलं मला. इथे सावली आहे, बसा. जिवात जीव आला.

२१ तारीख, शुक्रवार

बॅग भरली. दोरा आहेच, राहू दे, फाटकाबाहेर सुटेल.

३.२०. सहज म्हणून साखळीचं चित्र उघडलं. मंजूरपासून निघालेला बाण थेट ‘बाहेर’ला जात नाही. मध्ये चौकोन आहे. मीच ओढलेला. हसत हसत.

राहिलेला कागद मिळव.

माझा राहिलेला कागद —

३.२८. चौकोन पुसला जात नाही. बाण तुटत नाही. रिकामा होता तो. आता आत काहीतरी भरलंय, उघडत नाही.

३.३५. खारूला फोन. परवा लागला होता, आज पडद्यावर एकच शब्द, अपूर्ण. आत्याला. अपूर्ण. काहीही म्हणजे काहीही.

काकूंना म्हटलं, तुमच्या फोनवरून लावा, पाया पडते. त्या माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या खुर्चीवर हात ठेवून विचारतायत, ‘आहेस का गं?’

३.५०. शाळा सुटली असेल. रस्त्यात मैत्रीण भेटू दे तिला. खेळत बसू दे. विसरू दे. देवा, एवढं एकदा विसरू दे —

४.०० संदेश गेला.

४.०२ उत्तर नाही.

४.०५ नाही. खारू, दाबू नकोस. लाल दाब. आई खोटं —

४.०६ मंजूर.

चौकोन चालू झाला. दाखला भरला जातोय, एकेक अक्षर. माझं नाव. आजची तारीख. वेळ चार वाजून —

मनगटावरचा दोरा सुटला. आपोआप.

काकू उठल्या. ड्रॉवर उघडतायत. रीळ काढलं. लाल नाही, पां