वळणावरचा लेप

दि. ९ जून

ती. दादास सा. नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल. वहिनीचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे. हल्ली दिवसभर घरीच असते, त्यामुळे कपाटं आवरून झाली. त्यात एक कोडं हाती लागलं. रंगवलेल्या तारेचं हँगर वाकवून सरळ केलं, की बाकीचा रंग शाबूत राहतो आणि नेमका वळणावरचाच उडतो. का बरं? तार वाकताना वळणाची एक बाजू ताणली जाते. धातू तो ताण सोसतो. रंगाला तेवढं ताणता येत नाही, म्हणून तो तडकतो.

आपला स्टेंट म्हणजे अशाच बारीक वळणांची जाळीदार नळी. हृदयाच्या रक्तवाहिनीत ती फुग्यावर मिटून जाते आणि तिथे उघडते. उघडताना सगळा ताण वळणांवर येतो. उघड्या धातूला रक्त परका समजतं आणि त्यावर गुठळी धरू शकते. म्हणून तर धातूवर चढवायला आपण दोघांनी हा लेप घडवला. काय देखणा लेप आहे, दादा! रक्ताचा थेंब त्यावरून निमूट ओघळतो. पण आपण तो तपासला चपट्या पट्टीवर. मी स्टेंट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर वळणावळणावर भेगा. एके ठिकाणी पापुद्राच सुटलेला.

त्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालास, "झालं! आमच्या विदुषीबाईंची माशी शिंकली!"

"पेशंटच्या छातीत पट्टी बसवणार आहेस का?"

"लेप पास झाल्याच्या कागदावर सही कर, नाहीतर घरी बस."

बसले आहे.

माझ्याऐवजी तू दुसऱ्या कुणाची सही घेशील, हे ओळखून तो उघडलेला नमुना मी काल डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. सोमवारी आपला पहिला पेशंट त्यांच्याच टेबलावर येणार होता. आता त्याला नेहमीचा स्टेंट बसेल. त्यांचा फोन तुला आलाच असेल. ओरडायचं तर ओरड. सही मी देणार नाही आणि लेपही सोडणार नाही. तो अजून पातळ, अजून लवचीक करता येईल; त्यासाठी मला माझं टेबल परत हवं.

तोवर एक कर. वहिनीकडून नेलपॉलिश माग. एका यू-पिनेला त्याचे तीन हात दे आणि रात्रभर वाळू दे. नेलपॉलिश म्हणजे आपला लेप नव्हे, हे मलाही कळतं. पण वळण तेच आहे. सकाळी पिन सरळ कर आणि वळणाच्या जागी नख फिरव. नखाला काही लागलं नाही, तर कागद घेऊन ये. पेन माझं.

सही न केलेली,
तुझीच धाकटी