बाबांनी खोडलेलं सामान

मेडशी, ता. मालेगाव
५ जानेवारी २०२५

चि. राखी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परगावी लेकरं असलेल्या तमाम आई-बापांनो! आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. आपण मोबाइलवर डोळे ताणून चार ओळी लिहितो आणि तिकडून एक पिवळा अंगठा येतो. लेकरू जेवलं का, कोणाशी भांडलं का, हे त्या अंगठ्यावरून बापाने ओळखायचं! हा सरळसरळ अपमान आहे, आणि तो मी खपवून घेणार नाही.

भाषण ऐकायला समोर कोणी नाही, म्हणून तुला लिहितो. पत्राला अंगठा दाखवता येत नाही.

तूर सोंगून झाली. तुझी आई गेल्यावर या घरात रेडिओचा आवाज तरी होता. कान गेले तसा तोही बंद केला. कानातलं मशीन नुसती शिट्टी मारतं, आणि फोनवर तू बोललीस की पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं. म्हणून फोन उचलत नाही. राग मानू नकोस.

शेजारच्या संगीताने परवा पाटीवर लिहून सांगितलं की राखी तिकडे कॉम्प्युटरवर ट्रक चालवून राह्यली, आणि त्या खेळात दोन गावची दोन माणसं एकाच रस्त्यावर गाड्या चालवू शकतात. मग मलाही तसा कॉम्प्युटर पाहिजे. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, ट्रकची काय कथा? मालेगावचा नरेंद्र सुटे भाग आणून जोडून देतो. पंचेचाळीस हजारांच्या आत काय काय घ्यायचं ते लिही. आणि हसू नकोस.

लोभ वाढता ठेव, पण तो शब्दांत पाठव.

तुझा बाबा,
उकंडराव


पुणे
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हसले. ऑफिसात हसले आणि मग जिन्यात जाऊन थोडी रडले. तुमच्या सभेतला अपराधी मीच आहे. अंगठ्याबद्दल माफी.

आता सामान. प्रोसेसर असा घ्या की ज्यातच चित्र दाखवायची सोय आहे, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार नाही. ते कार्डच सगळं बजेट खातं. ट्रकच्या खेळाला त्याच्याशिवाय भागेल. पुढे घालता यावं म्हणून मदरबोर्डवर जागा मात्र असू द्या. रॅम सोळा जीबी, पण सोळाची एक पट्टी नको, आठ-आठच्या दोन घ्या. वखराला एक दांडगा बैल जुंपण्यापेक्षा जोडी बरी, तसंच आहे ते. एसएसडी पाचशेची पुरे. पॉवर सप्लाय स्वस्तातला मुळीच नको. मेडशीची लाइन दिवसातून किती वेळा नाचते ते तुम्हाला माहीत आहे, आणि तो गेला तर जाताना सगळ्यांना घेऊन जातो. मग साधं कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माउस. शेवटी माइकवाला हेडफोन.

इथे आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहतो. चार दारं, चारही लावलेली. भांड्यांचा आवाज आला की कळतं, कोणीतरी घरात आहे. खेळात मी मालाने भरलेला ट्रक घेऊन शेकडो मैल जाते. रस्त्यावर ओळखीचं कोणी नसतं. लवकर या.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
राखी


मेडशी
२० जानेवारी २०२५

चि. राखी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मालेगावला जाऊन आलो. नरेंद्र बिलाच्या पाठीवर लिहून मला पटवत होता की काका, हे कॅबिनेट घ्या, सात रंगाचे पंखे हायेत, पाहूनच माणूस खुश होऊन जाते. झगमगाटाला भुलणाऱ्या जनतेला मी जन्मभर सभांतून झोडपलं, आता स्वतःच भुलू? त्याच कागदावर लिहून दिलं की मांडव घालायचा नाही, ट्रक चालवायचा आहे. तेव्हा त्याने खाली लिहून विचारलं की काका, कान गेले तुमचे, जीभ तर शाबूत हाये, मंग बोलून काहून नाही राह्यले?

तुला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. गेल्या वर्षी रिसोडला एका जुन्या सोबत्याच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलो. मला वाटलं, मी हळू बोलतो आहे. प्रत्यक्षात निवडणुकीची सभा असावी तसा ओरडत होतो. समोरच्या रांगेतली पोरं हसली. त्याची विधवा तिथेच बसली होती. त्या दिवसापासून मी पाटीवर लिहितो. ज्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, त्याने तो दुसऱ्याच्या अंगावर घालू नये.

सामान तुझ्या यादीप्रमाणेच घेतलं, फक्त हेडफोन खोडला. बहिऱ्याने कानावर काय ठेवायचं? त्या पैशात पॉवर सप्लाय एक पायरी वरचा आला. बरोबर केलं ना?

शनिवारी नरेंद्र जोडून देईल. तू टाइप कर, मी वाचीन.

ओलावा टिकव, पुण्यात तो लवकर सुकतो असं ऐकतो.

तुझा बाबा,
उकंडराव


पुणे
२७ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि. आज विनंती खरोखरच विशेष आहे.

पॉवर सप्लाय वरचा घेतलात ते बरोबर. पंख्यांचं सुनावलंत तेही बरोबर. हेडफोन खोडलात ते साफ चूक! तो तुमच्या कानांसाठी लिहिलाच नव्हता. त्याला एक दांडी असते, तिच्या टोकाला माइक असतो, आणि तो तुमच्या तोंडासमोर येतो. कान माझे आहेत बाबा, आणि ते चांगले आहेत.

दिवाळीला चार दिवस घरी होते. भात आणखी घे, असं तुम्ही पाटीवर लिहून सांगितलंत. एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की चार दिवसांत तुमचा आवाज एकदाही ऐकला नाही. आईचा आवाज आपण कुठेच साठवून ठेवला नाही. तुमचा अजून आहे, आणि तो तुम्ही त्या पोरांच्या हसण्यापायी बंद करून टाकलात. त्यांच्या हसण्याची शिक्षा मला का?

ओरडाल ही भीती असेल तर ऐका. तुमचा आवाज कमी-जास्त करायची सोय माझ्या कॉम्प्युटरवर आहे. सरकारवर चिडलात की मी कमी करीन. खेळात तुमचा ट्रक मागे, माझा पुढे, आणि रस्ता सगळा मोकळा. तुमचं म्हणणं पटलं तर ट्रकचे मागचे दिवे एकदा लावीन, नाही पटलं तर दोनदा. दोनदाच जास्त लागतील, तयारीने या. बाकीचं थांब्यावर टाइप करीन.

तुमची माया आहेच, ती मला ऐकू येऊ द्या. हे पत्र वाचून झालं की मिळेल त्या एसटीने मालेगावला जा आणि नरेंद्रदादाकडे माइकवाला हेडफोन मागा. कागदावर लिहून नाही. तोंडाने मागा.

तुमची,
राखी