तीन नंबरची थंड खोली

१२ फेब्रुवारी २००३, पिंपळगाव

कामावरच्या सुमनशी आज खोटं बोललो, ते टोचतंय.

माल तपासणाऱ्या कमळाबाई वारल्या, त्याला महिना झाला. द्राक्षांचा प्रत्येक क्रेट त्या बोटाने दोनदा ठोकायच्या आणि मगच "हं" म्हणायच्या. आपल्या शीतगृहाच्या तीन नंबरच्या खोलीत अजून तसंच ऐकू येतं, असं सुमन आठवडाभर सांगतेय. मी हसत होतो. "भूत असलं तर त्यालाही हजेरीवर घेऊ!" गार पाइप आखडले की वाजतात, हे मला कोणी शिकवायला नको. नुसत्या आवाजावरून मोटरचं दुखणं ओळखत तर इथवर आलो.

आज संध्याकाळी लाइट गेली, मशिनं थांबली. आत मी एकटाच. दोन ठोके. मग "हं". पाइप "हं" म्हणत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "कमळाबाई, राहू द्या आता."

आवाज थांबला. सांगितल्यावर थांबला, हेच डोक्यातून जात नाही.

बाहेर सुमन उभी. "काय व्हतं हो शेठ?"

"उंदीर," मी म्हणालो.

"तुमी म्हनता तर उंदीरच!" ती हसली, आणि लाइट आल्यावर आठवड्यात पहिल्यांदाच बिनघोर आत गेली.

मी दारातच उभा राहिलो. पाय आत टाकवेना.