जाड तारेखालची पितळी पट्टी

हरिदास, तुझा गुडघा कसा आहे? दवाखान्यातलं तेल लावतोस की नुसतं उशाशी ठेवतोस? तुझ्या घरच्या कमळाबाईंचा खोकला थांबला का? वच्छला, दाढ काढलीस की अजून लवंगेवरच भागवतेस? साक्षीदार देवाजी समोरच बसला आहे आणि तिसऱ्यांदा चहा मागतो आहे, म्हणून त्याची तब्येत विचारत नाही.

आता कामाचं. मी बापूराव दसरू निमगडे, वय अदमासे एकाहत्तर, शाळा तिसरीपर्यंत, तुणतुणं आपलं आपणच शिकलेला, राहणार मूल, जिल्हा चंद्रपूर, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. देवाजीला शंका आहे, तरी तो सही करणार आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी पाजलेलीही नाही.

घर, परसातली मोहाची दोन झाडं आणि पोस्टातलं पुस्तक माझी लेक वच्छला हिला.

तुणतुणं देवाजीला. त्याने ते भिंतीला टांगावं, वाजवू नये. त्याच्या ढोलकीनेच गाव पुरेसं थकलं आहे.

विहारातल्या सिनेमाच्या आवाजाची कॅसेटही वच्छलाची, कारण टेप तिनेच केली. चौऱ्याऐंशीच्या बुद्धपौर्णिमेला विहारात जपानचे भंतेजी आले होते. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून त्यांनी पोरांसाठी चित्रांचा सिनेमा दाखवला. त्यात एक कासव होतं. ते चिखलात घसरलं की तीन तारांचं एक वाद्य असं बोलायचं की भाषा न कळताही सगळा विहार हसला. त्यातली जाड तार नुसती वाजत नव्हती, झणझणत होती. बाटलीत भुंगा अडकावा तशी. भंतेजींनी नाव सांगितलं, शामिसेन, आणि कागदावर चित्र काढून दिलं.

त्या चित्रावरून मी आणि हरिदास, आम्ही दोघा भावांनी ते केलं. लाकूड शिवणीचं, कातडं बकरीचं, तारा आरमोरीच्या कोशाच्या रेशमाच्या, वच्छलाने वळलेल्या. सुतारकाम हरिदासचं. दांडीच्या डोक्याशी पितळेची पट्टी दोनच तारांखाली हवी होती. तिसरी, जाड, लाकडाला घासली तरच झणझणते. मी चित्र दाखवलं. हरिदास म्हणाला, "दादा, दोघींले पाट अन् तिसरीले जमीन काऊन? असं अर्धवट काम माह्या हातून होत नाई." आणि त्याने पट्टी तिन्हींखाली बसवली. काम इतकं साफ झालं की भुंगा मेला.

चूक त्याची होती. पण मी ती पुढच्या पौर्णिमेला विहारात, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांदेखत सांगितली. तो ताटावरून उठला आणि महिनाभरात मुलचेऱ्याला पोराकडे राहायला गेला. ती चूक माझी. देवाजी म्हणतो, हे मृत्युपत्रात येत नाही. माझ्यात येतं.

तर ते शामिसेन हरिदासला. अट एकच. त्याने इथे यावं आणि जाड तारेखालची पट्टी स्वतःच्या कानशीने काढावी. मी काढली नाही, कारण माझा हात कापतो. आणि हात धड असता तरी त्याच्या कामाला मी कानस लावली नसती.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात, हे मला ठाऊक आहे. पण मेल्यावर मला ऐकू येणार नाही, म्हणून नक्कल आधीच टपालात टाकतो. दिवाळीपर्यंत हरिदास आला नाही, तर शामिसेनही देवाजीला जाईल आणि तो त्यावर टॉवेल वाळत घालील. त्याने आत्ताच मान डोलावली आहे.

सही: बापूराव दसरू निमगडे
साक्षीदार: देवाजी लटारू मेश्राम, नीलाबाई वामनराव दुर्गे (अंगठा)
मुक्काम मूल, ता. ९ ऑगस्ट १९८७

हरिदास, यायचं मन नसेल तर तेही लिही, मी रागावणार नाही. पण मूलला उतरणार असशील तर कोणत्या गाडीने ते कळव, स्टँडवर मी स्वतः येईन. पोस्टकार्ड लवकर टाक.