छत्तीस फोटोंचा रोल

४ मार्च

प्रिय धाकटी,

आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असेल, शाळेतले शिकवणे नियमित चालू असेल, आणि हे पत्र तू पहिली ओळ वाचून बाजूला ठेवशील व जेवण झाल्यावर पुन्हा उचलशील, असे गृहीत धरून लिहितो. फोनवर तू ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठेवते’ यांच्या पलीकडे जात नाहीस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचतेस, हे मला ठाऊक आहे.

माझे ठीक चालले आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पण फोकस मी आयुष्यभर उजव्या डोळ्यानेच केला, त्यामुळे अडत नाही. संग्रहात एकशे चौदावा कॅमेरा आला. भात्याचा आहे, आपल्या वडिलांच्या जन्माच्याही आधीचा. जुन्या सामानाच्या दुकानदाराने त्याची लेन्स साबणाच्या पाण्याने पुसली होती आणि वर मला अभिमानाने सांगितले, “साहेब, एकदम चकाचक करून ठेवलीय.” मी त्याच्याशी वाद घातला नाही, मूर्खपणाशी वाद घालण्याचे माझे वय सरले. भात्यात दिवा सोडून पाहिले तर टाचणीच्या टोकाएवढी आठ भोके निघाली. सगळी बुजवली. परवा त्यात रोल भरून पुलावर आठ फोटो घेतले. त्यांतले सहा निर्दोष आले.

हल्ली तरुण संग्राहक भेटीला येतात. कॅमेरे काचेच्या कपाटात मांडतात आणि रोल भरायला घाबरतात. त्यांतल्या एकाला मी विचारले, “मग हा कॅमेरा कशाला, पेपरवेट घ्यायचा होता.” तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

नव्या कॅमेऱ्याचे शटर मात्र सुस्त आहे. एक सेकंदावर लावावे तर तीन सेकंद उघडे राहते. या कामाला गावात एकच हात होता, आणि तो हात आता पाण्याचा पेलाही धरू शकत नाही.

कारागीर रुग्णालयात आहे. तुझ्या नवऱ्याला मी अजून कारागीरच म्हणतो. तुम्ही वेगळे होऊन वीस वर्षे झाली, तेव्हा दुसरे नाते लावणे अयोग्य वाटते. आणि एकत्र होतात तेव्हाही मी ते कधी लावले नव्हते. माझे कॅमेरे दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाशी तू लग्न केलेस, हे मला पचले नाही, आणि मी ते लपवलेही नाही. असो.

त्याची फुफ्फुसे गेली आहेत. डॉक्टरांच्या मते दोन-तीन आठवडे. मी भेटून आलो. नाकात नळी आहे, तरी तोंड चालूच. म्हणाला, “दादा, आमचं शटर आता बल्बवर आहे. बोट दाबलंय तोवर उघडं.” मग तुझी चौकशी केली. म्हणाला, “ती येईल का हो?” मी म्हणालो, कळवतो.

त्याप्रमाणे कळवले आहे. यावे की न यावे, हा सर्वस्वी तुझा प्रश्न. माझे त्यात काही मत नाही.

तुझा,
दादा


१५ मार्च

प्रिय धाकटी,

तुझे उत्तर काल मिळाले. चारच ओळी, पण एकही शब्द कमी करता येणार नाही अशा. त्यातले वाक्य इथे उतरवतो, कारण गेली वीस वर्षे तू ते वेगवेगळ्या शब्दांत बोलत आलीस आणि मी ऐकत आलो: “जगाचे कॅमेरे उघडून नीट करणाऱ्याला पोटच्या पोरीसाठी एक रोल धड भरता आला नाही. त्याला बघायला मी येणार नाही.”

हे उत्तर मी तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. भाषा नीट होती, मजकूर नीट नव्हता. या वेळी जे होईल ते, खाडाखोडीसकट, पाठवणार आहे.

तुला जे माहीत आहे ते आधी लिहितो, म्हणजे माहीत नसलेले कुठे बसते ते कळेल. तुमची खारू सहा वर्षांची होती. तिचा त्याआधीचा एकच फोटो होता, वर्षाची असतानाचा, स्टुडिओतला. कारागिराच्या हातात कॅमेरे शेकडो, पण सगळे गिऱ्हाइकांचे. मग तिच्या आजारपणात त्याने तीन मेलेल्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून एक कॅमेरा उभा केला. मी त्याला ‘भंगाराचे गाठोडे’ म्हणालो होतो, तुझ्यासमोर. त्या रविवारी, तिला रुग्णालयात हलवण्याच्या आदल्या दिवशी, त्याने एक रोल काढला. छत्तीस फोटो. गुरुवारी खारू गेली.

आठव्या दिवशी तो माझ्याकडे रोल घेऊन आला. म्हणाला, “माझा हात थरथरतोय, दादा. तुम्हीच धुवा. तुमच्या हातून चूक होत नाही.” उपरोध नव्हता. त्याचा त्यावर विश्वास होता. माझाही होता.

आता जे तुला माहीत नाही ते.

रोल धुताना डब्यात आधी डेव्हलपर ओततात. त्याने चित्र उमटते. नंतर फिक्सर; जे उमटलेले नाही ते सारे तो विरघळवून नेतो. क्रम उलटला तर उमटण्याआधीच सगळे विरघळते आणि मागे नुसती पारदर्शक पट्टी राहते. हे नवशिक्यालाही दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

त्याच सकाळी मी दोन्ही द्रावणे नव्या बाटल्यांत भरली होती. जुन्या बाटल्या एकमेकींना शोभत नव्हत्या, म्हणून एकाच मापाच्या, एकाच तपकिरी काचेच्या दोन आणल्या होत्या. लेबले लिहून झाली होती, पण शाईचा एक फराटा मला पसंत पडला नाही. ती पुन्हा लिहायची म्हणून चिकटवली नव्हती. डावीकडे डेव्हलपर, उजवीकडे फिक्सर. मीच मांडले होते, तेव्हा लक्षात राहणारच.

मी डावीकडची ओतली.

दहाएक सेकंदांत वास आला. आंबट, नाकात शिरणारा. डेव्हलपरला तो वास नसतो. त्या क्षणी डबा उलटा केला असता, फिल्म धुऊन दुसरी बाटली ओतली असती, तर फिकट का होईना, काहीतरी उरले असते. कदाचित तिचा चेहरा ओळखू आला असता. हे मला तेव्हाच माहीत होते. नंतर सुचलेले नाही.

पण बाटल्या मी मांडल्या होत्या. म्हणजे क्रम बरोबर असणार. म्हणजे वासच चुकीचा असणार. धाकटी, मी घड्याळ लावून पूर्ण साडेसात मिनिटे तो डबा हलवत राहिलो. दर अर्ध्या मिनिटाला चार वेळा, नियमाप्रमाणे. आपण चुकलो हे कबूल करायला मी दहा सेकंद दिले असते तर तुझी मुलगी तुला थोडी तरी मिळाली असती. मी साडेसात मिनिटे घेतली आणि मग वीस वर्षे.

संध्याकाळी तुमच्या घरी आलो. तू खिडकीकडे पाठ करून बसली होतीस. मी सांगितले की फिल्म आत पकडली गेलीच नव्हती. चाक नुसते फिरत राहिले आणि एकही फोटो निघाला नाही. हे सांगताना माझा आवाज स्थिर होता. त्या कॅमेऱ्याबद्दल कोणालाही ते खरे वाटले असते.

तो म्हणाला, “बघू पट्टी.”

खिडकीशी नेऊन त्याने ती उजेडात धरली. मधला भाग त्याने पाहिलाही नाही, नुसती कड पाहिली. फिल्मच्या कडेला कारखान्यातूनच आकडे छापून येतात. फोटो काढलेले नसोत, रोल नीट धुतला की ते आकडे उमटतातच. आमच्या पट्टीवर एकही आकडा नव्हता. फिल्म पकडली न जाण्याने आकडे जात नाहीत. ते धुणाऱ्याच्या चुकीने जातात. हे मला ठाऊक होते, त्याला ठाऊक होते, आणि त्या खोलीत ते ठाऊक नसलेली एकटी तू होतीस.

त्याने माझ्याकडे पाहिले. मग पट्टी गुंडाळत म्हणाला, “हो. चाकाचे दात नीट बसले नसतील. माझंच चुकलं.”

तू मान वळवलीस आणि म्हणालीस, “एवढंच तर करायचं होतं तुला.” दोन महिन्यांत तू घर सोडलेस. मी तुझे सामान बांधायला मदत केली.

काल तुझे पत्र खिशात घालून त्याच्याकडे गेलो. पहिल्यांदाच विचारले, “तेव्हा बोलला का नाहीस?”

“काय बोलू? तिची पोर गेली होती. तुम्ही एकटेच तिचे भाऊ. नवरा काय, दुसराही मिळतो. भाऊ कुठून आणायचा?” मग खोकला. तो थांबल्यावर म्हणाला, “आणि मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल तिला. आज ना उद्या.”

“वीस वर्षं वाटलं?”

“तुम्ही कामाला वेळ लावताच, दादा.” आणि हसला.

तेव्हा ये. क्षमा मी मागत नाही. ज्या मागणीला उत्तर नाही ती करण्यात अर्थ नाही. तू त्याच्यावरचा राग इतकी वर्षे नीट सांभाळलास. तो माझा आहे, माझ्याकडे पाठव. दुसरा मजला, खोली नऊ. भेटीची वेळ चार ते सहा आहे, पण मी परिचारिकेशी बोलून ठेवले आहे, तू दिवसभर बसू शकशील. मी तिथे नसेन.

आशीर्वाद लिहीत नाही.

दादा


२७ मार्च

धाकटी,

मी तिथे नसेन असे लिहिले होते, आणि होतो. तिन्ही दिवस. खोली नऊच्या बाहेर भिंतीला लागून एक बाक आहे. दार पुरते लागत नाही. बिजागरी झिजली आहे. आत येण्याचे धैर्य नव्हते आणि निघून जाण्याचा सभ्यपणा नव्हता. तू माझ्यासमोरून सहा वेळा गेलीस आणि एकदाही पाहिले नाहीस. ते योग्यच होते.

तू एकोणीस तारखेला आलीस. आत खुर्ची ओढल्याचे ऐकू आले. मग तुझा आवाज आला, “काय काय होतं त्यात?”

“रोलमध्ये? पहिला वाया गेला. पहिला नेहमीच जातो. तिचं अर्धंच डोकं आलंय.”

“वाया नाही. सांग.”

“उजवी वेणी आणि एक कान. हलली ना कार्टी. म्हणे, बाबा, मी खार आहे, खार कुठं थांबते?”

तू हसलीस. तुझे हसणे मी ओळखले नाही. मला आधी वाटले, शेजारच्या खोलीतले आहे.

त्याला सगळे पाठ होते. एका फोटोला त्याला पाच-दहा मिनिटे लागत, मधेच मास्क लावावा लागे, मग तो जिथे थांबला होता तिथूनच सुरू करी. पहिल्या दिवशी आठ झाले, दुसऱ्या दिवशी आठ. प्रकाश कुठून येत होता तेही सांगत होता. “हा थोडा काळपट आलाय, पडदा ओढलेला होता.” तो ‘आला असता’ असे एकदाही म्हणाला नाही.

एकवीस तारखेला त्याचा आवाज बाकापर्यंत नीट पोहोचत नव्हता. मी दाराला कान लावला. आयुष्यात कधी लावला नव्हता. तेविसावा सांगून झाल्यावर तो म्हणाला, “आता दमलो गं. चोविसावा उद्या. चोविसावा फार छान आलाय.”

साडेसहाला तो गेला.

हिशेब करण्याची मला सवय आहे आणि तो मला करावाच लागला. माझे पहिले पत्र ४ तारखेचे, दुसरे १५ चे. दोन्हींच्या मध्ये अकरा दिवस आहेत. जे मी १५ ला लिहिले ते ४ ला लिहिले असते तर छत्तीसच्या छत्तीस झाले असते, आणि तुम्हाला एकमेकांशी दुसरेही काही बोलायला वेळ उरला असता. पहिल्या पत्रात मी भात्याची भोके मोजली. तुझे फोटो मी एकदा नव्हे, दोनदा घालवले. पहिल्या वेळी सगळे, दुसऱ्या वेळी तेरा.

सोबत एक कागद आहे. बाकावर बसून मी जे ऐकले ते त्यावर उतरवले आहे. तुझ्या रडण्यात काही निसटले असेल म्हणून. शब्द त्याचेच आहेत, मी एकही दुरुस्त केलेला नाही. नवव्या फोटोत ‘बूट’ की ‘चप्पल’ हे खोकल्यामुळे ऐकू आले नाही; तिथे प्रश्नचिन्ह केले आहे. तुला माहीत असेल तर भर.

पहिल्या दिवशी लिहायला घेताना सवयीने मी आधी एक ते छत्तीस आकडे ओळीने मांडून घेतले होते. त्यामुळे चोवीसपासून पुढे नुसते आकडे आहेत आणि त्यांच्यासमोर काही नाही. काल तो भाग कापून कागद नेटका करावा म्हणून कात्री हातात घेतली होती. कापला नाही.

उत्तराची अपेक्षा नाही. ‘तुझा’ हा शब्द खाली लिहिला आहे. ठेवायचा की खोडायचा, ते तू ठरव.

तुझा
थोरला भाऊ