प्रस्तावनेतलं खोटं वाक्य

दुकान,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ठमीस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. आम्ही इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीची टाच अजून दुखते, त्यामुळे घरात चालणं कमी आणि बोलणं जास्त असं चाललंय. जावईबुवांचा खोकला थांबला का? तुमच्या पास्टरांकडून कळलं होतं. तुझी खबरबात मला आता अशीच मिळते, तिऱ्हाइताच्या तोंडून.

सहा वर्षांत तुला पाठवलेलं हे पहिलंच पत्र. बाइंडरच्या दुकानात कागदाची ददात नसते, तेव्हा ती सबब चालायची नाही.

चारही चर्चच्या मंडळ्यांचं मिळून एक गीतपुस्तक निघतंय, हे तुझ्या कानावर आलं असेलच. ऐक्य समितीचा चिटणीस मी आणि बाइंडरही मीच, त्यामुळे बोलणी दोन्हीकडून खातो. गीतं उभं राहून म्हणायची की बसून, यावर तीन बैठका झाल्या. कॅथलिकांचे फादर म्हणाले उभं राहून, तुमचे पास्टर म्हणाले आत्मा सुचवेल तसं, आणि धूप जाळणाऱ्या जुन्या मंडळीचे म्हातारे कारभारी तिन्ही बैठकांत झोपले होते. शेवटी ठरलं की पुस्तकात काहीच छापायचं नाही, ज्याचे गुडघे दुखतात त्याने बसावं. तुला हसू येईल, पण आजवरचं आमचं सगळ्यात पक्कं एकमत ते हेच.

चारशे प्रती बांधायच्या आहेत. पहिल्याच फर्म्यात, म्हणजे घडीच्या पानांच्या पहिल्या जुडीत, फादरांची प्रस्तावना आहे. सहा वर्षांपूर्वी आपल्या चर्चमध्ये झालेल्या पहिल्या संयुक्त उपासनेबद्दल त्यांनी लिहिलंय, माझं तोंडभरून कौतुक केलंय, आणि पुढे हे वाक्य आहे: ‘त्या सकाळी कोणीही रिकाम्या हाताने परतलं नाही.’ शिवताना फर्मा मधोमध उघडावा लागतो आणि नेमकं तेच पान मधोमध आलंय. साठ प्रतींपर्यंत मी रेटलं. मग सुई खाली ठेवली.

फादरांच्या बाजूने ते खरंच आहे. त्यांची माणसं आपल्याकडे प्रभुभोजनाची भाकर घेत नाहीत, म्हणून आपल्या पाळकसाहेबांनी त्यांच्यातल्या एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला होता. बाकीच्यांसाठी भाकरीची ताटली फिरवायची होती. पुढच्या बाकांवरचं ते काम मंडळीचा पंच म्हणून माझ्याकडे होतं. दुसऱ्या बाकावर आईच्या शेजारी तू होतीस.

तू हात पुढे केलास. मी ताटली उचलून तुझ्यावरून पलीकडे नेली. तू हात लगेच मागे घेतला नाहीस, ते मला अजून दिसतं.

नंतर चर्चच्या पायरीवर तू विचारलंस, “दादा, का रे?” मी म्हणालो, “नियम आहे. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतलेल्याला आपल्या मंडळीत देत नाहीत. मी काय करणार?” तू मान हलवलीस आणि गेलीस. पुन्हा घरी आली नाहीस, पण मला दोषही दिला नाहीस. तुमच्या पास्टरांना म्हणालीस म्हणे, “दादाचा नाइलाज होता.”

ठमे, नाइलाज नव्हता.

त्या सकाळी उपासनेआधी पाळकसाहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं होतं. म्हणाले, “आज जो हात पुढे येईल त्याला द्या. नियमाचं मी बघून घेईन.” वर विचारलंही, “तुमची बहीण येणार आहे ना?” मी हो म्हणालो. ते आता हयात नाहीत. हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो, आणि लाज वाटते सांगायला, पण मला त्यामुळे हायसंच वाटत होतं.

मला राग होता. तू तीन आठवड्यांची असताना तापाने फणफणली होतीस आणि आबांनी तुला तशीच छातीशी धरून बाप्तिस्म्याला नेलं होतं. सव्विसाव्या वर्षी तू तुमच्या मंडळीत जाऊन पाण्यात उतरलीस, तेव्हा मला वाटलं, आबांनी केलेलं तू पुसून टाकलंस. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. भांडायला हवं होतं, लहानपणी आपण काय कमी भांडलोय? त्याऐवजी मी ताटली हातात येईपर्यंत थांबलो.

आणि आई. तिला तेव्हा समोरचंही धड दिसत नव्हतं. दुपारी जेवताना तिने विचारलं, “ठमीनं घेतलं ना रे?” मी म्हणालो, “घेतलं.” मग मरेपर्यंत ती भेटेल त्याला सांगत राहिली, माझी दोन्ही लेकरं एका ताटलीतून जेवली म्हणून. तिच्या अंत्यविधीला कबरस्तानात बायकांनी डोळे पुसत तुला ते ऐकवलं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि त्यांना म्हणालीस, “हो, आईला फार आनंद झाला होता.” त्या दिवशी तू मला सांभाळून घेतलंस. मी तुझे साधे आभारही मानले नाहीत.

काल फादरांकडे गेलो. सगळं सांगितलं आणि म्हणालो, वाक्य काढा, बांधलेल्या साठ प्रती मी उसवतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “वाक्य काढतो,” म्हणाले. “पण हे बहिणीला सांगितलंत का?” मी म्हणालो, नाही. “मग तुम्ही चुकीच्या दारात आलात.”

म्हणून हे पत्र.

प्रकाशन पुढे ढकललंय. त्या दिवशी ऐक्यावर मी बोलायचं ठरलं होतं, ते मला जमणार नाही असंही समितीला कळवलंय. येत्या रविवारी मी तुमच्याकडे उपासनेला येतो. तुमच्यात ताटली कोणी पंच फिरवत नाही, शेजारचा शेजारच्याला देतो, हे मला माहीत आहे. मी घेतलं तर चालेल का, असं तुमच्या पास्टरांना मी विचारलेलं नाही. परवानगी मला एकदा मिळाली होती, तिचं मी काय केलं ते वर लिहिलंय. या वेळी तुलाच विचारतो. तुझ्या शेजारी बसू देशील? ताटली हातात आल्यावर तू ती माझ्यावरून पलीकडे दिलीस, तरी मी उठून जाणार नाही. शेवटच्या प्रार्थनेपर्यंत बसेन.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझा
दादा