'आपण' खोडून 'आम्ही'

बाळीवेस, सोलापूर
१४ मे १९७३

प्रिय शिवयोगी,

दचकलात ना? लग्नाला आठ वर्षं झाली, पण तुमचं नाव मी घेतलं ते उखाण्यातच, आणि तेही शेजारच्या शिवबाईंनी दार अडवून धरलं होतं म्हणून. आज सरळ कागदावर लिहून टाकलं. 'प्रिय' सवयीनं पडलंय, त्याचा फार अर्थ लावत बसू नका.

तुमचं जर्मनीहून आलेलं निळं पत्र मिळालं. चारी बाजू भरलेल्या, चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा मुंगीएवढी अक्षरं, आणि सगळं पत्र चालण्यावर! म्हणे ट्राम सोडून कारखान्यात पायी जातो. म्हणे लिफ्टकडं बघतसुद्धा नाही, पाच मजले जिन्यानं चढतो. म्हणे गावाबाहेर रान आहे, त्यात चालायची वाट आखलीय, वाटेवर वीस पाट्या, आणि पाटीवर माणसाचं चित्र: इथं वाका, इथं ओंडका उचला, इथं हात गोल फिरवा. अहो, एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांना हात कसे फिरवायचे ते पाटीवर चित्र काढून सांगावं लागतं? माझ्या शाळेतल्या दुसरीच्या पोरी बऱ्या म्हणायच्या. आणि एवढं सगळं करून झालं की रविवारी तळ्याकाठच्या हॉटेलात केक आणि कॉफी. म्हणजे दीड तास घाम गाळून जे घालवलं ते अर्ध्या तासात परत पोटात. तुमच्या इंजिनियरिंगच्या डोक्याला हा हिशेब कसा दिसला नाही याचंच नवल वाटतं. नऊ किलो वजन उतरलं म्हणून तुम्ही त्याखाली दोन रेघा मारल्यात. दोन रेघा! अप्रेंटिसची परीक्षा पास झालात तेव्हा एकच मारली होती.

इथं असताना तुम्ही किती चालत होता ते मला विचारा. स्टेशनला जायचं तर टांगा. मिलचा भोंगा झाला तरी सायकलवाल्या मानसिंगची वाट बघत ओट्यावर बसणार, तो डबलसीट नेईल म्हणून. माजघरातून पाण्याचा तांब्या कधी स्वतः उठून घेतला नाहीत. शिवबाई म्हणायच्या, तुमचे मालक लई थंड हायत वो बाई, अंगावरची माशीबी दुसऱ्यानं हाकलावी लागतीय. तेव्हा मला राग यायचा. मिलनं तुम्हाला दीड वर्षाच्या ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं, तेव्हा हा माणूस तिकडं कसा निभावणार म्हणून मी देवापुढं बसले होते. काय खुळी होते बघा.

दीड वर्षाची आता अडीच झालीत. त्याबद्दल पत्रात एक ओळ नाही. पण मला उपदेश आहे: तूही रोज निदान तीस मिनिटं चालत जा, प्रकृतीला बरं असतं. हे वाचून मी खरंच हसले. मोठ्यानं हसले, सुनेला काय झालं म्हणून आप्पा माजघरातून बघायला आले. अहो महाराज, गेलं वर्ष इथं पाऊस पडलेला नाही. नळाला तीन दिवसांनी पाणी येतं आणि पाऊण तासात जातं. मधल्या दिवसांत मी पहाटे दोन घागरी घेऊन वेशीपलीकडच्या विहिरीवर जाते, मग शाळा, शाळा सुटल्यावर पोरांना सरकारी सुकडी वाटायचं काम. सांगोल्याकडच्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडतात, येताजाता तीन तीन कोस चालतात. त्यांना कुठं पाटी लावलेली नाही, ओंडका उचला म्हणून. आणि त्यांच्यातल्या एकीलाही पोट कमी कसं करावं हा प्रश्न पडलेला नाही. तुमची तीस मिनिटं मी विहिरीच्या रांगेत उभं राहायच्या आधीच संपवते, काळजी नसावी.

हे सगळं मी गिळलं असतं. माणूस परमुलखात गेला की थोडा वेड्यासारखा वागतो, असं मनाला सांगितलं असतं. पण घरात मी एकटी नाही, आप्पा आहेत, आणि तुमची पत्रं मला त्यांना वाचून दाखवावी लागतात. तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना मराठी अक्षर लागत नाही, बाजारापुरतं मराठी बोलतात तेवढंच. पत्र कन्नडमध्ये सांगितल्याशिवाय ते त्यांना पोराचं वाटतच नाही. मी टेंभुर्णीची, माहेरी कन्नडचा गंध नव्हता, आठ वर्षांत या घरात शिकले ते कन्नड. त्यात मी तुमची मराठी पत्रं उलथीपालथी करून त्यांच्यापुढं ठेवते. आणि खरं सांगायचं तर पदरची भर घालते. आप्पांचे गुडघे कसे आहेत, असं तुम्ही अडीच वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. मी दर पत्रात विचारते, तुमच्या नावानं. आप्पा खूश होऊन गुडघ्यांची हकीकत मलाच सांगतात, उत्तरात लिही म्हणून. एवढा खोटेपणा मी केलाय, तो मान्य आहे.

आता फेब्रुवारीतलं पत्र आठवा. सगळ्या चालण्याच्या शेवटी तुम्ही लिहिलं होतं, पुढच्या वर्षी गावाबाहेर घर घ्यायचं ठरतंय, मागंच रान, दारातून पाऊल टाकलं की चालायला सुरुवात. वाक्य असं होतं: 'आम्ही तिथं राहायला जाणार आहोत.' मी वाचलं आणि मला हसूच आलं. का ते तुम्हाला सांगायला नको. लग्नानंतर महिन्याभरात तुम्ही टेंभुर्णीला आला होता आणि सगळ्यांदेखत मला म्हणालात, आम्ही सिनेमाला जाऊ. मी म्हटलं, जा की. तुम्ही बाहेर जाऊन उभे राहिलात, मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. अर्ध्या तासानं माझा भाऊ सांगत आला, दाजी वेशीत एकटेच उभे आहेत, तिकिटं काढून आणलीत म्हणतात. त्या संध्याकाळी मी तुम्हाला पाटीवर लिहून दाखवलं: 'आपण' म्हणजे मी धरून, 'आम्ही' म्हणजे मला वगळून. तुम्ही म्हणालात, कन्नडमध्ये एकच शब्द आहे, नावु, त्यात सगळे येतात, तुमच्या मराठीला ही भिंत कशाला हवी? तेव्हा हे बोलणं मला किती गोड वाटलं होतं! पुढं आठ वर्षं तुम्ही चुकतच राहिलात आणि मी चुकू दिलं.

तर फेब्रुवारीत मला वाटलं, चुकलेत नेहमीसारखे, म्हणायचंय 'आपण'. आणि मी आप्पांना कन्नडमध्ये सांगितलं, नावु तिथं राहायला जाणार. आप्पा गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन किती वेळ डोळे मिटून होते. मग मला विचारलं, नावु म्हणजे मी पण की? मी म्हटलं, हौदु आप्पा, तुमी बी. तुमचा म्हातारा बाप पोरासारखा रडला हो.

दुसऱ्या दिवसापासून ते चालायला लागले. सत्तरीला टेकलेला माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, नव्या पेठेत जाऊन कॅन्व्हासचे पांढरे बूट घेऊन आला. धोतर, डोक्याला पटका आणि पायांत ते बूट. रोज सकाळी किल्ल्याच्या बागेत फेऱ्या. पहिल्यांदा एक, मग दोन, मग तीन. भेटेल त्याला सांगायचे, जर्मनीला जायचंय, तिथं बसून खाणाऱ्याला कोण इचारत न्हाय, चालाया लागतंय. घरी आले की तुमच्या पाट्यांवरचे व्यायाम. मला पत्र काढायला लावून एकेक पाटी विचारायचे आणि चौकट धरून वाकायचे. भाकरी अर्धी केली. सकाळी दुधात पाव बुडवून खायची सवय करतायत, तिकडं तेच मिळतं म्हणून. विमानात शेंगाची चटणी नेऊ देतात का, हे तुम्हाला विचारायला सांगितलंय. लोक हसतात, आप्पांना कळत नाही. मला कळतं. पण त्यांच्या अंगात जो जीव आला होता तो बघून मीसुद्धा, काय सांगू, एकदा कपाटातून ती जांभळी इरकल काढून बघितली, थंडीत चालेल का म्हणून.

आणि मग हे आताचं पत्र. घराचं नक्की झालं, लिहिलंय. तेच वाक्य पुन्हा आहे: 'सप्टेंबरात आम्ही राहायला जातोय.' पण या वेळी 'आम्ही'च्या मागं काहीतरी खोडलेलं दिसलं. मी शाळामास्तरीण आहे, खोडलेलं वाचायची मला सवय आहे. कागद उजेडात धरला. आधी तुम्ही 'आपण' लिहिलं होतं. मग थांबलात, विचार केलात, 'आपण' खोडलंत आणि वर स्वच्छ अक्षरात 'आम्ही' लिहिलंत. आठ वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला पाटी आठवली! शाब्बास. माझ्या वर्गात असतात तर दहापैकी दहा दिले असते. बायकोला वगळण्यासाठी व्याकरण शिकलेला नवरा सोलापुरात दुसरा नसेल. त्यानंतर मी आधीची पत्रं काढून बघितली. गेल्या दिवाळीपर्यंत 'मी चालतो', 'मी तळ्यावर गेलो' असं आहे. दिवाळीनंतर एकाही पत्रात 'मी' नाही, सगळीकडं 'आम्ही'. एवढा पाच मजले चढणारा, ओंडके उचलणारा गडी, पण एक वाक्य सरळ लिहायची ताकद त्याच्या मनगटात नाही. कसलं शरीर कमावलंत तुम्ही? मला तुमची कीव येत नाही, किळस येते, आणि ती तुम्ही कुणाबरोबर राहता याची नाही. लपून राहता याची.

आता हे पत्र कशाला लिहिलं ते सांगते. परत कधी येणार हे विचारायला नाही. ती कोण हे मला विचारायचं नाही. गेल्या मंगळवारी आप्पा किल्ल्याच्या बागेत चौथी फेरी मारायला गेले आणि पडले. लोकांनी टांग्यात घालून आणलं. हाड मोडलेलं नाही, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हे चालणं बंद झालं नाही तर हा माणूस अंथरुणाला खिळेल. गुरुवारी सकाळी आप्पा पुन्हा बूट मागत होते. मी तीनदा तोंड उघडलं सांगायला आणि तीनदा मिटलं. एकदा खोटं बोलून मी त्यांना चालायला लावलं, त्याची शिक्षा मी भोगतेय. पण खरं सांगायचं काम माझं नाही. यापुढं तुमचं एकही पत्र मी वाचून दाखवणार नाही. आप्पांना तुम्ही स्वतः लिहा, कन्नडमध्ये. तुमचं कन्नड अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, असू दे. त्यांनीच लहानपणी मांडीवर घेऊन गिरवून घेतलंय, त्यांना लागेल. पण त्यात नुसतं 'नावु' लिहून सुटका होणार नाही. त्या शब्दात आप्पा लगेच स्वतःला धरतात. नावु म्हणजे कोण, ते तुम्हाला लिहावं लागेल. तिचं नाव लिहावं लागेल. ते पहिल्याच ओळीत लिहा आणि लवकर लिहा, कारण ते वाचल्याशिवाय तुमचे वडील चालायचे थांबणार नाहीत.

'तुमचीच' लिहून खोडण्यापेक्षा, नुसतीच,
महानंदा